मधल्या पानावरचा माणूस

ते फाटलेल्या पुस्तकांना पट्ट्या बांधायचे. खळ नाही, डिंक नाही; गुरांच्या दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. आधी पुस्तकाची जखम बोटानं दाबून पाहायचे, मग दोन्ही कडा जुळवून पट्टी ओढायचे आणि वरून एकदा थोपटायचे, म्हैस थोपटावी तसं. पुस्तकं तरी कसली? चित्रांची, मारामारीची. अंगाला चिकटलेले कपडे घालून, पाठीवर कापड फडफडवत आकाशातून जाणारे वीर. रद्दीवाल्याच्या ढिगातून निवडून आणलेली हिंदी, इंग्रजी, एखादंच मराठी कॉमिक. त्या पुस्तकांतून ते आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या लेकरांना प्रभूची शिकवण द्यायचे. आमच्या संडे स्कूलला त्यामुळे कायम फिनेल आणि टिंक्चरचा वास असे.

गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. सरकारी कागदावर त्या पदाला व्रणोपचारक असा भारदस्त शब्द आहे, पण गावात लहानथोर सगळे ड्रेसरच म्हणत. मीही इथं तेच म्हणणार आहे. त्यांचं नाव मी आयुष्यात एकदाच शाईनं लिहिलं आणि ते खोट्या वाक्यात लिहिलं.

ते वाक्य मंडळीच्या इतिवृत्ताच्या वहीत आजही आहे. प्रभुभोजनाच्या मेजावरचं वस्त्र त्यांनी ‘कोणासही न विचारता’ कपाटातून काढून नेलं, असं ते वाक्य सांगतं. अक्षर माझं आहे. मी शाळेत लेखनिक होतो; अक्षर वळणदार म्हणून मंडळीनं मला सेक्रेटरी केलं, आणि दुसरं कोणी तयार होईना म्हणून म्हातारपणापर्यंत ठेवलं. कपाटाची किल्ली माझ्या खिशात असे. वस्त्र त्यांनी काढलं नव्हतं. मी काढून दिलं होतं.

ड्रेसर गेल्या पावसाळ्यात वारले. पण ते वाक्य खोटं एवढंच म्हणून भागत नाही; ज्याच्याबद्दल ते लिहिलं तो माणूस कसा होता हे सांगायला हवं. नाहीतर कबुलीलाही अर्थ नाही.

आमचं गाव मेहकरहून बसनं अर्ध्या तासावर. मंडळी सतरा घरांची. चर्च म्हणजे दगडी भिंतींचा एक लांबट हॉल, वर पत्रे. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्याच्या पहिल्या रविवारी बसनं येत आणि प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षरस देऊन परतीची बस धरत. बाकीचे रविवार आमचे आम्ही. संडे स्कूल घ्यायला कोणी नव्हतं, तेव्हा ड्रेसर स्वतःहून म्हणाले, ‘‘मी घेतो. ढोरं आयकते माह्यं, लेकरं बी आयकतीन.’’

पहिल्या रविवारी ते सायकलला सलाइनच्या बाटल्यांचं खोकं बांधून आले. खोक्यात कॉमिक्स. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर आणि कव्हरवर दवाखान्यातल्या केसपेपरसारखी चिठ्ठी. रुग्ण: निळा उडणारा. लक्षण: गर्व. किती दिवसांपासून: ताकद आल्यापासून. उपचार: आणि तिथं बायबलातला एखादा अध्याय. वीरांची खरी नावं त्यांना ठाऊक नसत, ठाऊक करून घ्यायची इच्छाही नसे. ‘हा निळा’, ‘तो मुखवट्याचा’, ‘दिव्याचा माणूस’ अशी त्यांनीच नावं पाडली होती. दिव्याचा माणूस त्यांचा फार लाडका. त्याच्या अंगातून उजेड निघे, पण दर वेळी कोणाला अंधारातून काढलं की त्याची स्वतःची नजर थोडी कमी होई.

मी एकदा त्यांना म्हणालो, ‘‘ड्रेसर, ह्या मारामारीत तुम्हाले प्रभू कुठं दिसते बापा?’’

त्यांनी मांडीवरच्या पुस्तकाची पट्टी दाबत विचारलं, ‘‘प्रभूनं लोकायले कायच्या गोष्टी सांगितल्या भाऊ? मासे, मेंढरं, मोहरीचा दाना. जे लोकायच्या हाती होतं ते. आता लेकरायच्या हाती हे हाय, तं मी काय मोहरी आनू?’’

त्यांच्याशी वादात फार वेळ टिकता येत नसे. ते वाद घालतच नसत. एखादा प्रश्न विचारून पुन्हा पट्टीकडे वळत.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. गोष्टीची शेवटची दोन पानं ते चिमट्यानं बंद करून आणायचे. टाके घालताना रक्तवाहिनी धरायचा तो दातेरी चिमटा. करकर वाजत घट्ट बसतो आणि मग सुटत नाही. वीर खड्ड्यात पडलाय, ताकद गेलीय, गाव त्याच्यावर उलटलंय, अशा जागी गोष्ट थांबे. ‘‘आता हा काय करीन?’’ ते विचारत. लेकरं ओरडून ओरडून सांगत. पुढच्या रविवारपर्यंत चिमटा निघत नसे.

‘‘काका, आजच उघडा ना.’’

‘‘शेवटच्या पानावर काय हाय त्यात? शेवटच्या पानावर सगळेच जितते. आपल्याले तं मधल्या पानावर राहा लागते बापा.’’

एकदा लेकरांनी त्यांची नजर चुकवून चिमटा काढला, तर आत शेवटचं पानच नव्हतं. रद्दीतच फाटून आलेलं. सगळी पोरं त्यांच्यावर धावून गेली, ‘‘खोटं! काका, तुम्ही खोटं बोलले!’’ ड्रेसर फार गंभीर झाले. म्हणाले, ‘‘खोटं कसं? मले बी नाई मालूम पुढं काय झालं ते. मीच तुम्हाले इचारून राह्यलो ना आठ दिवसापासून.’’

दवाखान्यातही एखादं पुस्तक त्यांच्या टेबलाच्या खणात असे. एकदा मी आमची शेळी घेऊन गेलो होतो. साखरखेर्ड्याकडचा एक म्हातारा शेतकरी गाय बांधून उकिडवा बसला होता आणि ड्रेसर हात धुता धुता त्याला निळ्याची गोष्ट सांगत होते, निळ्यानं एका हातानं पूल कसा उचलून धरला ते.

म्हातारा म्हणाला, ‘‘एका हातानं?’’

‘‘हाव.’’

‘‘मंग हा आमच्या गावाले काऊन येत नाई? तीन दिसापासून गाय उठून नाई राह्यली. टेम्पोत घालाले आठ मानसं लागले.’’

‘‘आठ जन आले ना?’’

‘‘आले तं.’’

‘‘मंग आला ना तो,’’ ड्रेसर म्हणाले आणि खांद्यापर्यंत रबरी हातमोजा चढवून गायीमागे गेले. म्हातारा माझ्याकडे पाहून हसला. ‘‘मानूस चांगला हाय,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘थोडासा सरकेल हाय, पन हात हलका हाय.’’

माणूस एकटा होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दवाखान्यामागच्या एका खोलीत ते राहत. खोलीत खुर्ची एकच. कोणी आलं की त्याला खुर्ची देत आणि स्वतः बादली पालथी घालून तिच्यावर बसत. रात्री जेवताना समोर पुस्तक उभं करून ठेवायची त्यांना सवय होती. मी एकदा विचारलं, ‘‘जेवताना बी वाचता?’’ तर म्हणाले, ‘‘वाचत नाई. समोर कोनी पायजे ना.’’

मुखवट्याच्या वीराची एक गोष्ट ते वर्षातून एकदा तरी सांगत. हा मुखवटेवाला दिवसा एका कचेरीत कारकून. रात्रभर शहर वाचवायचं, आणि सकाळी उशीर झाला म्हणून साहेबाची बोलणी खायची. सगळ्या कचेरीसमोर साहेब त्याला आळशी म्हणतो, बिनकामाचा म्हणतो. एक शब्द बोलला तर साहेबाची वाचा बसेल. पण तो बोलत नाही. ड्रेसर त्या चित्रावर बोट ठेवून थांबत. मान खाली घातलेला कारकून, समोर लाल तोंडाचा साहेब.

‘‘उडनं सोपं हाय,’’ ते म्हणत. ‘‘पूल उचलनं बी सोपं असन. पन हे पाहा. सांगू शकते, पन सांगत नाई. न्याय कराले बसलेल्या पिलातापुढं आपला प्रभू असाच उभा होता.’’

मी कारकूनच होतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार आवडायची. त्या चित्रात आपण कोण आहोत याचा विचार मात्र मी केला नाही.

आता तो दिवस.

आमच्याकडे ज्वारी निघाली की कापणीचा सण होतो. प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी मेजापाशी आणून ठेवतं. कणसं, भोपळे, हरभऱ्याचे डहाळे, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि दहा रुपयांचा भोपळा हसत हसत शंभराला जातो. त्या वर्षी मोठ्या शहरातून एक वडीलधारे पाळक पाहुणे म्हणून येणार होते. लेकरांचं नाटक ड्रेसर बसवत होते. विषय चांगल्या शेजाऱ्याचा दाखला: लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूला याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, टाळून जातो आणि एक परका माणूस वाचवतो. पण त्यांच्या नाटकात वाटसरूला वाचवायला येतो तो मुखवटा घातलेला, पाठीवर कापड असलेला वीर. आणि वीर होती माझी नऊ वर्षांची मुलगी, सुवार्ता.

त्या पाठीवरच्या कापडाला ड्रेसर झूल म्हणत. ‘‘बैलाले पोयाले झूल घालते ना, तसं हे. एक दिवस मिरवाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा औत.’’ त्यांच्या नाटकाचा सगळा जीव त्या झुलीत होता. वीर येतो, उडत नाही, कोणाला मारत नाही. खांद्यावरची झूल काढतो आणि जखमी माणसाच्या अंगावर घालतो. एवढंच. ‘‘उडाले नाई दिली ती,’’ ते सुवार्ताला शिकवत, ‘‘झाकाले दिली.’’

आदल्या दिवशी दुपारी तालीम होती. ड्रेसरांनी झूल म्हणून स्वतःच्या खाटेवरची निळ्या चौकड्यांची चादर आणली होती. सुवार्तानं ती पाठीला लावून पाहिली आणि तिचं तोंड उतरलं.

‘‘बाबा, मी दवाखान्यातून पळून आल्यासारखी दिसून राह्यली.’’

सगळे हसले. मला ते हसू झोंबलं. उद्या पाहुणे येणार, समोरच्या बाकावर बसणार, आणि सेक्रेटरीची मुलगी चादर लावून उभी राहणार! मी कपाट उघडलं. प्रभुभोजनाचं वस्त्र मोतिया रंगाच्या सॅटिनचं होतं, खाली सोनेरी झालर. जुन्या पाळकांच्या पत्नीनं हातानं शिवलेलं.

‘‘हे घ्या.’’

ड्रेसरांनी हात पुढे केला नाही. ‘‘भाऊ, हे मेजावरचं हाय.’’

‘‘एका दिवसाचा तं प्रश्न हाय.’’

‘‘नाई, राहू द्या. झूल साधीच बरी असते. झुलीपेक्षा बैल मोठा दिसला पायजे.’’

‘‘तुम्हाले समजत नाई ड्रेसर. पाहुणे कोण येऊन राह्यले ते माहीत हाय ना?’’ मी म्हणालो आणि ते वस्त्र स्वतः मुलीच्या खांद्यांवर घालून दोन सेफ्टी पिना लावल्या. सुवार्ता गिरकी घेऊन फिरली. झालर उन्हात चमकली. ड्रेसरांनी आपली चादर घडी करून सायकलच्या कॅरिअरला लावली.

दुसऱ्या दिवशी जे झालं त्याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. दुसऱ्या कोणी नाटक बसवलं असतं तर जखमी वाटसरूला कुंकवानं किंवा लाल रंगानं रंगवलं असतं. पण ज्यानं तीस वर्षं जनावरांच्या जखमा धुतल्या, त्याच्या डोळ्यांसमोर जखम आली की जांभळीच येणार. त्यांनी दवाखान्यातल्या जेन्शियनच्या जांभळ्या औषधानं त्या पोराचं कपाळ, दंड, गुडघे छान रंगवले आणि नाटकाला उभं केलं. औषध वाळायला वेळच मिळाला नव्हता.

नाटक सुंदर झालं. ते आज कोणालाच आठवत नाही, म्हणून लिहितो. याजक आला आणि तोंड फिरवून गेला, दुसरा आला आणि घड्याळ पाहत गेला. मग सुवार्ता आली. ती धावत आली नाही. चालत आली, खाली बसली, पिना काढल्या आणि ते चमकतं कापड त्या पोराच्या अंगावर पसरलं, गळ्यापर्यंत, आई पसरते तसं. पाहुणेसुद्धा बाकावर पुढे सरकून बसले होते. मग लेकरं टाळ्यांसाठी उभी राहिली, पोरानं कापड बाजूला केलं, आणि त्याच्या एका टोकाशी तळहाताएवढा जांभळा डाग सगळ्यांना दिसला.

पाहुणे उठले. ‘‘हे प्रभुभोजनाच्या मेजावरचं वस्त्र आहे ना?’’

लिलावाची कोंबडी मेजाखाली ओरडत होती.

‘‘मी विचारतो आहे. या सोंगासाठी हे कपाटातून कोणी काढलं?’’

माझा हात खिशात होता. किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मी मूठ आवळली. ते मला आजही हातात जाणवतं. ड्रेसरांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. रागानं नाही. दवाखान्यात जनावराचा पाय उचलण्याआधी ते त्याच्याकडे पाहत, हे उभं राहतं की बिथरतं, तसं पाहिलं. मी खाली पाहिलं.

‘‘मले पायजे होतं, साहेब,’’ ते म्हणाले.

‘‘कोणाला विचारलं होतं?’’

यावर ते काहीच बोलले नाहीत. पाहुणे बराच वेळ बोलले. पवित्र वस्तू, पोरखेळ, सैतानाची चित्रं, मंडळीची लाज. ड्रेसर हात जोडून, मान थोडी खाली घालून ऐकत राहिले. ते चित्र मी आधी कितीदा पाहिलं होतं! साहेब, कचेरी आणि कारकून.

दुपारी बैठक झाली. संडे स्कूल बंद, कॉमिक्स चर्चबाहेर न्यावीत, असं ठरलं. मी वही उघडली. झालेली घटना नीट लिहा, एवढंच पाहुणे म्हणाले. ‘कोणासही न विचारता’ हे शब्द मला कोणी सांगितले नव्हते. ते माझे. वाक्य पुरं वाटावं म्हणून घातले, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कोणी पुढे विचारू नये म्हणून घातले.

घरी जेवताना सुवार्ता म्हणाली, ‘‘बाबा, पिना तं तुम्ही लावल्या.’’

‘‘जेव,’’ मी म्हणालो.

ती जेवली. तिनं पुन्हा तो विषय कधी काढला नाही आणि मला वाटलं, मिटलं. ती मोठी झाली, परिचारिका झाली, नागपूरला असते. दर रविवारी फोन करते. बीपीची गोळी घेतली का, पाय सुजले का, विचारते. मी सांगतो. मग आमच्या दोघांकडचे शब्द संपतात.

ड्रेसरांनी खोकी सायकलला बांधून नेली, पण चर्च सोडलं नाही. फक्त जागा बदलली. मेजाच्या उजव्या अंगाला, थोडं मागे, एक बाजूचं दार आहे, पाळकांना आत यायला. त्या दाराशी, पाण्याच्या माठाजवळ, एक लाकडी स्टूल असे. ते तिथं बसू लागले. मला वाटलं, दवाखान्याचा निरोप आला तर उपासना न मोडता पटकन निघता यावं म्हणून बसत असतील. तिथं त्यांच्या शेजारी दुसरं कोणी बसू शकत नसे. लेकरं येताजाता ‘काका’ म्हणत, मग आईबाप त्यांना पुढे ओढत. हळूहळू ती लेकरंही मोठी होऊन निघून गेली.

वस्त्राचं सांगायचं तर ते धुतलं, उन्हात टाकलं, लिंबू लावलं. डाग फिकट झाला, गेला नाही. नवं घ्यायला मंडळीची ऐपत नव्हती असं नाही, पण जुन्या पाळकबाईंच्या हातचं म्हणून कोणाला टाकवेना. मग मी युक्ती काढली. दर महिन्याला मेजावर ते अंथरताना डागाची बाजू मागच्या भिंतीकडे करायची. पुढून स्वच्छ. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं झालं की पाहायचीही गरज पडेना.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि ईस्टर यांच्यामधला शनिवार ड्रेसर पाळत. ‘‘शुक्रवारी सगळे येते, रविवारी सगळे येते,’’ ते म्हणत. ‘‘शनिवारी थडग्यापाशी कोन बसते? ते मधलं पान हाय.’’ त्या दिवशी ते चर्चमध्ये सकाळपासून एकटे बसत. त्यासाठी माझ्या दारात येत. ‘‘भाऊ, शनिवारची किल्ली द्या.’’ नाटकाच्या त्या प्रकारानंतरही दर वर्षी आले आणि दर वर्षी मी दिली. वहीत ज्याला मी न विचारता कपाट उघडणारा ठरवलं, त्याच्या हातात कपाटाच्या किल्लीसकट सगळा जुडगा देत होतो. यात काही चमत्कारिक आहे असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांनीही कधी हसून दाखवलं नाही. दिवस मावळायच्या आत जुडगा परत आणून देत.

ते निवृत्त झाले तेव्हा मी एकदा ठरवून त्यांच्याकडे गेलो. आता गावाबाहेरच्या एका खोलीत राहत होते. खुर्ची तीच. मला तिच्यावर बसवलं, स्वतः बादली पालथी घातली. बिनदुधाचा चहा दिला. भिंतीला लागून खोकी रचलेली होती, आणि पट्ट्या मारलेल्या पुस्तकांची पाठ दिसत होती, पांढरी पांढरी. मी खूप वेळ हवापाण्याचं बोललो. मग म्हणालो, ‘‘ड्रेसर, ते वस्त्र...’’

त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘डाग गेला काय भाऊ?’’

‘‘नाई. थोडा हाय.’’

‘‘जेन्शियन हाय ते. चामडीवरून जाते. कापडावरून नाई जात.’’

एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. शांतपणे, थांबून. मला वाटलं, विषय त्यांनीच औषधावर नेला, सुटलो. मी चहा संपवला, बसची वेळ झाली म्हणालो. बस मला कुठलीच धरायची नव्हती. ते दारापर्यंत आले. ‘‘येत जा,’’ म्हणाले. मी पुन्हा गेलो नाही.

त्यांच्या मातीला आम्ही अकरा जण होतो. पाऊस होता. दूरचा एक पुतण्या आला होता. चार दिवसांत त्यानं खोली रिकामी करून दिली. मी रद्दीवाल्याकडे गेलो तेव्हा खोकी पुढच्या गाडीनं गेली होती. ‘‘पट्ट्यावाली पुस्तकं ना?’’ तो म्हणाला. ‘‘वजनात चांगली भरली काका.’’

त्या रविवारी सुवार्ताचा फोन आला. मी सांगितलं, ड्रेसर गेले. ती म्हणाली, ‘‘बाबा, त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी बारावीला होते, बसस्टँडवर भेटले. म्हणाले, बाबावर रागावून राह्यली काय? मी हो म्हटलं. तर म्हणाले, थांब थोडी. अजून त्यांचं पान यायचं हाय.’’



तरीही मी काही केलं नाही. पावसाळा गेला, नाताळ गेला, कापणीचा सण गेला. माणूस मेला की कबुली आणखी सोपी होते असं वाटतं, तसं नाही. ऐकायला कोणी नसलं की ती नुसती पडून राहते.

या वर्षीच्या शनिवारी किल्ली मागायला कोणी आलं नाही. ईस्टरच्या प्रभुभोजनाची तयारी करायला मी दुपारी एकटाच चर्चमध्ये गेलो. झाडलं, मेज पुसलं, वस्त्र अंथरलं, हात सवयीनं डाग भिंतीकडे करून मोकळा झाला. गुडघे दुखत होते. जवळ टेकायला ते स्टूलच होतं, माठापाशी. मी बसलो.

आणि समोर डाग होता.

बाकांवरून मेजाची पुढची बाजू दिसते. पण त्या बाजूच्या दाराशी बसलं की मेज तिरपं, मागून दिसतं. भिंतीकडची बाजू सरळ डोळ्यांसमोर येते. मी ज्या जागी डाग लपवत होतो, ती जागा साऱ्या चर्चमध्ये त्या एका स्टुलावरूनच दिसत होती. दर महिन्याला मी तो लपवायचो आणि दर महिन्याला ते तिथं बसून पाहायचे. मी तो मंडळीपासून लपवतो आहे, हेही पाहायचे.

मग ‘‘डाग गेला काय भाऊ?’’ हा प्रश्न त्यांनी का विचारला? त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या खोलीवर गेलो त्याच्या आधीच्याच प्रभुभोजनाला त्यांनी तो पाहिला असणार. ते विषय बदलत नव्हते. गोष्ट अडते त्या जागी थांबून ‘‘आता हा काय करीन?’’ विचारायचे, तसंच त्यांनी मला विचारलं होतं, आणि चिमटा हातात धरून थांबले होते. मी बस धरायची म्हणून उठलो.

पत्रे तापून कडकड वाजत होते. शेवटी उठलो, वस्त्र उचललं आणि फिरवून अंथरलं. डाग बाकांकडे. मग कपाटातून ती जुनी वही काढली. ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं: वरील वाक्य खोटे आहे. वस्त्र मी काढून दिले. ते नको म्हणत होते. पिना मी लावल्या. अक्षर आता पूर्वीसारखं येत नाही.

रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि दोन्ही वाक्यं वाचली, वरचं आणि खालचं. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कोणी रागावेल, कोणी रडेल. पाळक तरुण आहेत, नवे आहेत. त्यांनी मान हलवली आणि प्रार्थना केली. जुन्यांपैकी चारपाच जण उरलेत. एक बाई पदरानं तोंड पुसत होत्या, पण उन्हाळाही होता. बाहेर पडताना याच वर्षी लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं मला अडवून विचारलं, ‘‘काका, तो डाग मी पहिल्यांदाच पाहिला. ड्रेसर म्हणजे कोण होते?’’

मी सांगायला लागलो. फाटक्या पुस्तकांना पट्ट्या लावायचे, इथपर्यंत आलो आणि तिची माहेरची बस आली. म्हणून हे सगळं लिहावं लागलं.

संध्याकाळी सुवार्ताचा फोन आला. गोळी घेतली का, तिनं विचारलं. मी म्हणालो, ‘‘पिना मी लावल्या होत्या, असं आज सगळ्यांना सांगितलं.’’ ती म्हणाली, ‘‘जेवले का बाबा?’’ आणि त्यानंतर आम्ही पुष्कळ वेळ बोलत होतो, जेवणाबद्दल, चादरीबद्दल, त्या कोंबडीबद्दल.

वस्त्र आता मी तसंच अंथरतो, डाग पुढे ठेवून. स्टुलावरून आता त्याची स्वच्छ बाजू दिसते. तिथं कोणी बसत नाही.